बाकी उरली का?

आमच्या शाळेत एक मास्तर होते. ते कुणीही भेटलं की आधी वय विचारायचे. 'काय, बरं आहे का' नाही, 'कधी आलात' नाही, वय. समोरच्यानं 'एक्केचाळीस' म्हटलं की मास्तरांचा चेहरा खुलायचा. "वा! अभंग वय. यंदा तुमच्या केसाला धक्का लागत नाही." कुणी 'अठ्ठेचाळीस' म्हणालं तर मात्र ते च्‌ च्‌ करायचे. "फार भेगा आहेत हो. दोनानं जातो, तिनानं जातो, चारानं जातो, सहानं जातो. जरा जपून राहा." तो अठ्ठेचाळीस वर्षांचा गडी बिचारा धाराशिवच्या बाजारात तूर विकायला आलेला असायचा. तो गावी जाऊन बायकोला सांगायचा की मास्तरांनी यंदा जपायला सांगितलंय, आणि ती माउली त्याला वर्षभर विहिरीत उतरू द्यायची नाही.

जी संख्या एकानं आणि स्वतःनंच भागली जाते, दुसऱ्या कशानं भागायला गेलं तर काही ना काही बाकी उरतेच, तिला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. आमच्या वेळी राज्य निजामाचं, शाळा उर्दूतून. तेव्हा मुलांच्या पुस्तकात तिचं नाव मुफरद अदद असं होतं. मास्तर ही दोन्ही नावं बाजूला सारून तिला 'अभंग' म्हणायचे. मोडत नाही ती अभंग, भागली जाते ती मोडकी. त्यांच्या लेखी सगळ्या जगाचे हे दोनच भाग होते. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि आकड्यांशी माझं लहानपणापासून वाकडं. पण चौदा वर्षं एका खोलीत शेजारी बसल्यावर माणसाला नको असलं तरी काही चिकटतंच. हे लिहिताना मी एकाहत्तरात आहे, म्हणजे मास्तरांच्या शास्त्राप्रमाणे सध्या निर्धास्त.

मुलं त्यांना अकरामास्तर म्हणायची, आणि ते खुद्द मास्तरांनाही ठाऊक होतं. त्याला कारण होती एक संख्या. एकापुढं एक असे अकरा एक मांडायचे, झाली ती संख्या. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. मास्तर हे एका दमात म्हणायचे. ही संख्या अभंग आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं कसलं, श्रद्धाच.

त्या श्रद्धेला त्यांच्यापाशी हिशेब होता. दोन एक मांडले की अकरा, तो अभंग. तीन मांडले की सदतीस त्रिक एकशे अकरा, मोडला. चार, सहा, आठ, दहा, असे सम एक मांडले तर अकरानं भाग जातोच. पाच एक एक्केचाळीसनं मोडतात, सात एक दोनशे एकोणचाळीसनं, नऊ एक साध्या तिनानं. "सगळे मोडले," मास्तर म्हणायचे, "आता अकरा उरले. रुद्र किती? अकरा. शंभूमहादेवाचा आकडा आहे हा, मोडेल कसा?" मास्तर घरचे शिवभक्त, कपाळाला रोज भस्माची तीन बोटं. तामलवाडीला भावांची शेती होती, तिकडं ते वर्षातून एकदा ज्वारीच्या हुरड्याला जायचे आणि कणसांतले दाणे मोजत बसायचे म्हणून भाऊ त्यांना लवकर परत पाठवायचे.

पण नुसत्या श्रद्धेवर थांबतील तर ते मास्तर कसले! एकेक अभंग संख्या घ्यायची आणि तिनं अकरा एकांना भागून बघायचं. बाकी उरली की ती संख्या बाद, पुढची घ्यायची. असं एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढंपर्यंत जायचं. तिथं थांबायचं, कारण मोडणार असेल तर दोन तुकड्यांतला लहान तुकडा त्याच्या आतच सापडला पाहिजे. हे मला त्यांनी इतक्यांदा समजावलं की अखेर मी कंटाळून समजलो. मधल्या सुट्टीत आम्ही बाकीचे पान खायचो, हे पाटीवर भागाकार करायचे. कागदाला हात लावायचे नाहीत. "कागदावर चूक राहून जाते," म्हणायचे, "पाटी बरी, पुसली की मन मोकळं."

त्यांची एक म्हण होती, स्वतःच बनवलेली. बैल घेताना दात बघावेत, आकडा घेताना शेपूट. शेपूट म्हणजे शेवटचा अंक. मुलगा लांबलचक गुणाकार करून पाटी पुढं धरायचा आणि मास्तर लांबूनच म्हणायचे, "चूक." मुलगा रडकुंडीला यायचा. "बघितलंच नाही तुम्ही, गुरुजी!" मग मास्तर त्याला जवळ घ्यायचे. "वरच्याची शेपटी सात, खालच्याची आठ. साती आठी छप्पन्न. मग उत्तराच्या शेवटी सहा पाहिजे का नको? तू पाच कुठून आणलास, मामाच्या गावाहून?" सगळा वर्ग हसायचा, तो मुलगाही हसायचा. मास्तर गणित वाचायचे नाहीत, त्याच्या शेपटीकडं एक नजर टाकायचे. ती नजर कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

शेपूट बघून झालं की मग मुलांकडून नवाचा पडताळा करून घ्यायचे. अंकांची बेरीज करायची, नऊ झाले की टाकून द्यायचे, राहील त्यावरून उत्तर ताडून बघायचं. त्यात ते दरवेळी एक सूचना द्यायचे, "नवाला पडताळ्यात धरायचं नाही. तो आला काय, गेला काय, सारखंच." त्यांच्या घरी शिकवणीला मुलं बसायची, त्यामुळं स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोलाही हे पाठ झालेलं होतं. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण तिसापर्यंतचे पाढे भाकरी थापता थापता कानावर पडून आलेले. मनात मोजायच्या कानडीतून, ओंदु, येरडु, मूरु, आणि उत्तर द्यायच्या मराठीतून.

मास्तरांच्या या अकरा एकांना सगळ्या शाळेत एकच खरा विरोधक होता, सय्यदसाहेब. उर्दू शिकवायचे, आणि वरच्या वर्गाचं गणितही त्यांच्याकडंच होतं. उंच, सावळे, शेरवानीची वरची गुंडी कायम तुटलेली. ते पान जुळवता जुळवता म्हणायचे, "मास्टर, तुम्हारे ये ग्यारा इक्के एक दिन टूटनेकेच हैं. अकड़ के खड़े हैं ना सब, इसीलिए टूटते." मास्तर पाटीवरून डोकं वर न काढता म्हणायचे, "सय्यदसाहेब, तुमचं वय बावन्न. आधी स्वतःचं बघा."

एकदा हे भांडण भलतंच रंगलं आणि मास्तरांनी हातातली पेन्सिल वर धरली. "ऐका सगळे. अकरा एक मोडले, तर ही पेन्सिल मी तुमच्या उंबऱ्यावर आणून ठेवीन. पुन्हा जन्मात भागाकार करणार नाही."

"रख देना," सय्यदसाहेब म्हणाले, "उंबरा मेरा मजबूत है. और नहीं टूटा तो तुम्हारे महादेव को मैं बेल चढ़ाऊंगा. तुम्हारे हाथ से."

ही पैज आठवड्याभरात सगळ्या धाराशिवला कळली. वहिनींनाही कळली. त्या मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी हे काय बोलून ठिवलं? पेन्सिल ठिवून ह्ये करणार काय मग?" मी हसण्यावारी नेलं. मला त्यात काळजीसारखं काही दिसलं नाही.

गंमत अशी की मास्तरांचं काम सोपं केलं ते या विरोधकानंच. एक दिवस सय्यदसाहेब आले आणि म्हणाले, पाच एकांचे तुकडे बघा, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. दोघांनाही पाचानं भागा, एक उरतो. सात एकांचे तुकडे बघा. सातानं भागा, पुन्हा एकच उरतो. तर मग अकरा एकांचा तुकडा, असलाच तर, अकरानं भागल्यावर एक उरणाराच असला पाहिजे. बाकीच्या संख्यांवर डोकेफोड कशाला? मास्तरांनी पुरावा मागितला. सय्यदसाहेबांकडं पुरावा नव्हता. "आजमा के देखो," एवढंच म्हणाले. मास्तर दोन दिवस फुरंगटून बसले, तिसऱ्या दिवशी तीच वाट धरली. दहातल्या नऊ संख्या एका फटक्यात गळाल्या. शत्रूनं असं करावं, हे मी तरी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही.

वय विचारण्याची सवय मात्र एकदा मास्तरांना भोवली. शाळा तपासायला वरून एक मोठे साहेब आले. तुर्की टोपी, छडी, मागं पट्टेवाला. मास्तरांनी अदबीनं सलाम केला आणि वय विचारलं. साहेब चकित होऊन म्हणाले, "इक्यावन." मास्तरांनी मान हलवली. "फसवं आहे साहेब. वरून अभंग दिसतं, पण सतरा त्रिक एक्कावन्न. आतून मोडकं." कुणीतरी याचं उर्दू करून साहेबांना सांगितलं. त्या उर्दूत काय आलं कोण जाणे, पुढच्या महिन्यात मास्तरांची बदली येरमाळ्याला झाली.

येरमाळ्याला ते दोन वर्षं होते. तिथं चैत्रात येडाईदेवीची यात्रा भरते. माणसं रानातून चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात आणि एका जागी टाकतात, बघता बघता मोठा ढीग होतो. मास्तरांना वाटलं, माणसं कितीही येवोत, हा ढीग पाचानं भागलाच पाहिजे. जगात एवढी मोठी आणि न मोजता पाचानं जाणारी दुसरी गोष्ट नसेल! ते ढिगाशेजारी उभं राहून हे लोकांना समजावून सांगू लागले. तेवढ्यात एक म्हातारी ओंजळ रिकामी करत म्हणाली, "म्या सात टाकले बाबा."

"सात? पाच टाकायचे असतात, आजी."

"पाच माझे. दोन नातवाचे. त्याला गोवर आलाय, त्याला कुठं यायला जमतंय?"

"मग त्याचेही पाच हवेत ना!"

"ल्हान हाय ओ त्यो, मास्तर. त्याला पाच कशाला?"

मास्तर आधी हबकले आणि मग, ते स्वतःच सांगायचे, इतके हसले की लोकांना वाटलं ह्यांच्या अंगात आलं. सुट्टीत धाराशिवला आल्यावर त्यांनी पहिली बातमी सय्यदसाहेबांना दिली. "ढीग मोडला हो. दीड वर्षाच्या नातवानं मोडला." पंचावन्नाव्या वर्षी, पाच अकरे पंचावन्न असं म्हणत, मास्तर नोकरीतून मोकळे झाले आणि कायमचे धाराशिवला येऊन राहिले. रोज मधल्या सुट्टीत पाटी काखेत मारून शाळेत यायचे ते यायचेच.

मग ते दिवस आले. आधी रझाकारांची दहशत, मग पोलीस ॲक्शन. आमच्या जिल्ह्यात त्या महिन्यांत जे झालं ते आधी एका बाजूनं झालं, मग दुसऱ्या बाजूनं झालं, आणि त्याबद्दल बोलायला अजूनही कुणी फारसं तयार नसतं. सय्यदसाहेबांनी दार लावून घेतलं. त्यांच्या गल्लीतून जायला माणसं बिचकत होती. खरं सांगायचं तर मीही गेलो नाही, बायकोनं हात धरून बसवलं. अकरामास्तर मात्र सकाळी न्याहारी करून पाटी घेऊन निघाले आणि सय्यदसाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसले. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. मोठ्यानं भागाकार करत बसले. जाणारे-येणारे विचारायचे, "मास्तर, इथं काय?" तर म्हणायचे, "भागाकार अडलाय. ह्यांच्याशिवाय सुटत नाही." कपाळाला भस्म लावलेला, सगळ्या गावाला माहीत असलेला हा मास्तर त्या ओसरीवर बसलाय म्हटल्यावर टोळकी पुढं निघून जायची. दुपारी दार बोटभर उघडायचं आणि आतून पाण्याचा तांब्या बाहेर यायचा. वातावरण निवळेपर्यंत हे असं चाललं. मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटली?" तर म्हणाले, "वाटली की. दोन भागाकार चुकले."

त्या हिवाळ्यात सय्यदसाहेब मुलाकडं हैदराबादला निघून गेले. टांग्यात बसताना "टूटे तो खबर करना," सय्यदसाहेब म्हणाले. "मोडत नाही," मास्तर म्हणाले. घराला कुलूप लागलं. शाळेतली उर्दू गेली, पुस्तकं बदलली, मुफरद अदद जाऊन मूळ संख्या आली. "नाव काही ठेवा," मास्तर म्हणाले, "ती भागू द्यायची नाही ती नाहीच."

पुढच्या उन्हाळ्याआधी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. महिन्या-दीड महिन्यानं काठी टेकत पाय ओढता येऊ लागला, जीभ जड झाली पण चालत होती. उजवा हात मात्र परत आला नाही. डाव्या हातानं पेन्सिल धरली तर सरळ रेघ येईना. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा भिंतीकडं तोंड करून पडलेलं बघितलं. कुणी आलं तरी वय विचारेनात. तसं तीन-चार दिवस गेले असतील. मग एका सकाळी वहिनी हात पुसत आल्या, त्यांच्या पुढ्यात बसल्या, पाटी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "सांगा, कशानं भागू?"

तेव्हापासून त्या त्यांचा हात झाल्या. एरवी मास्तर बायकोला 'अगं तू' म्हणायचे, पण पाटी मांडीवर असली की 'तुम्ही'. "घ्या, मांडा. अकरा एक. तीन लिहिलाय तुम्ही तो नीट काढा." वहिनी पुटपुटत भागाकार करायच्या. शेवटी मास्तर विचारायचे, "भाग काय आला?" तो सांगितला की पुढचा प्रश्न, दरवेळी त्याच आशेनं, "बाकी उरली का?" वहिनी म्हणायच्या, "उरली." मग आकडा सांगायच्या, नवाचा पडताळा द्यायच्या, आणि मास्तर खुशीत मान हलवायचे. बाकी उरली म्हणजे अकरा एक अजून शाबूत. वहिनी एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भावजी, दुसरं काय राहिलंय ह्यांचं आता? सय्यदसाब गेले, शाळा गेली, हात गेला. सकाळी उठतेत ते ह्या अकरांसाठीच." ते मलाही दिसत होतंच.

एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो होतो. वहिनींच्या मांडीवर पाटी होती. भाजक होता एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. वहिनींना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. झाल्यावर त्यांनी ओल्या फडक्यानं अर्धी पाटी पुसली आणि पुन्हा केला. मग नुसत्याच पाटीकडं बघत बसल्या.

"भाग काय आला?" मास्तरांनी विचारलं.

"पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

"बाकी उरली का?"

"उरली."

"किती?"

"नऊ," वहिनी म्हणाल्या.

मास्तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मीच मोठ्यानं म्हटलं, "नऊ, मास्तर." त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. "ऐकलं. पडताळा?" वहिनींनी पडताळा केला. जुळला. "जुळायचाच," मास्तर म्हणाले. "छान झाला भागाकार. पुसा पाटी. पुढचा घ्या, एकवीस हजार सातशे सदतीस." मग एकदम 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. "आधी चहा टाक. दमलीस तू."

त्यानंतर आठवड्याभरानं ते मला म्हणाले, "सय्यदसाहेबांच्या घरापर्यंत चला माझ्याबरोबर." काठी टेकत, थांबत थांबत गेलो. कुलूप तसंच होतं, ओसरीवर पाचोळा साचलेला. मास्तरांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून पेन्सिलीचा एक तुकडा काढला. वाकता येईना, म्हणून माझ्या हाती दिला. "उंबऱ्यावर ठेवा." मी ठेवला. "कशाला?" विचारलं. "राहू द्या," म्हणाले. "बसायचो इथं, आठवण." मित्राच्या आठवणीनं म्हातारा हळवा झाला असं मी धरलं आणि मलाही जरा भरून आलं. पैज माझ्या डोक्यातून केव्हाच गेलेली होती. घरी भागाकार पुढं चालूच होते, वहिनी करायच्या आणि मास्तर ऐकायचे. 'बाकी उरली का' हे विचारायचं त्यांनी सोडलं नाही. पडताळा मात्र त्या दिवसानंतर त्यांनी मागितलेला मला आठवत नाही.

दिवाळी झाल्यावर मास्तर गेले. झोपेतच. वय एकोणसाठ, म्हणजे अभंग. त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्या वर्षी त्यांच्या केसाला धक्का लागायला नको होता. मला त्यांचा फार राग आला. एवढी वर्षं गावाला सांगत सुटले आणि स्वतःच्या वेळी असं केलं.

महिना होऊन गेल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. पाटी खुंटीला टांगलेली होती, पुसून स्वच्छ. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या, आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"भावजी, एक सांगायचं होतं. कुणाला बोलले न्हाय. त्या दिवशी तुमी होता बघा. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास."

"नऊ उरले होते, तो?"

"काय बी उरलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "दोनदा केला म्या. दोनदा पुरा गेला."

मी कप खाली ठेवला. अकरा एक मोडले होते आणि ते या बाईनं मोडले होते, इथं, या जमिनीवर बसून.

"ते म्हणलेले ना, मोडला तर पेन्सिल ठिवीन. मग सकाळी उठणार कशाला हो माणूस? माझ्या तोंडातून निघूनच गेलं, उरली म्हणून. किती म्हणलं, तर नऊ सांगितले. नऊ पडताळ्यात धरत न्हाईत ना, त्यांनीच शिकवलेलं. म्हणलं, नवानं पकडला जाणार न्हाय." त्या जराशा हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. "पन जन्मभर ज्याच्या मागं लागले, तेच म्या लपवलं. फसवलं का ओ म्या त्यांना? कळलं न्हाय ना त्यांना?"

मला गणित येत नाही. पण चौदा वर्षं शेजारी बसलो होतो, आणि का कोण जाणे, माझी नजर आपोआप शेपटीकडं गेली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास, शेपूट नऊ. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस, शेपूट नऊ. नवे नवे एक्याऐंशी, शेवटी एक. आणि अकरा एकांच्या शेवटी तरी दुसरं काय असतं? एकच. जुळलं. वरती नऊ उरायला जागाच नव्हती. उरले असते तर शेवटी शून्य आलं असतं. हे मला कळायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. मास्तरांना तर वहिनींच्या तोंडातला 'नऊ' पुरा बाहेर पडायच्या आत कळलं असणार. लांबून पाटी बघून 'चूक' म्हणणारा माणूस तो. त्या दिवशी त्यांनी 'चूक' म्हटलं नाही. 'छान झाला भागाकार' म्हटलं, चहा मागितला, आणि आठवड्यानं माझ्याच हातानं सय्यदसाहेबांच्या उंबऱ्यावर पैज चुकती केली. आणि त्यानंतरही रोज सकाळी उठून, पाटी मांडीवर घेतलेल्या बायकोला विचारत राहिले, बाकी उरली का?

वहिनी माझ्याकडं बघत होत्या.

"सांगा ना भावजी. कळलं न्हाय ना?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "त्यांच्या लेखी नऊ उरले होते."

वहिनींनी डोळे पुसले, उठल्या, खुंटीवरची पाटी काढली आणि स्वच्छच होती ती पुन्हा एकदा पदरानं पुसली.